गारगोटीकडे पाठ

आनंदाच्या भरात शंका काढणाऱ्या माणसाला कोणी जवळ उभं करत नाही. ताईला हे अनुभवाने माहीत होतं. म्हणून ज्या सकाळी पाण्याची बातमी आली आणि सगळं ऑफिस एकमेकांच्या पाठीवर थापा मारत सुटलं, त्या सकाळी ती आपल्या टेबलाशी बसून मुकाट्याने केक खात होती. केक तिला आवडायचा नाही. पण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

बातमी मात्र खरोखरच मोठी होती. वर्षानुवर्षं प्रवास करून त्यांचं यान एका दूरच्या, अगडबंब ग्रहापाशी पोचलं होतं आणि त्या ग्रहाच्या एका बर्फाळ चंद्राजवळ घिरट्या घालत होतं. चंद्र लहानसा, पांढराफटक. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण ऑफिसात सगळे त्याला गारगोटी म्हणत. गारगोटीच्या एका टोकाला बर्फात लांबच लांब भेगा होत्या. यानाने त्या भेगांवरून अगदी जवळून सूर मारला आणि त्याच्या नाकाला वास लागला तो पाण्याच्या वाफेचा. भेगांतून वाफ येते म्हणजे बर्फाखाली पाणी आहे. गोठलेलं नाही, हलणारं, खळाळणारं पाणी. आणि पाणी असलं की तिथे आणखी काय काय असेल, ते तोंडातून काढायचीसुद्धा लोकांना धास्ती वाटत होती.

नाक म्हणजे हुंगून वायू ओळखणारं यंत्र. ते ताईचं. यानाचे डोळे, म्हणजे कॅमेरा, तिच्या धाकट्या भावाच्या ताब्यात. दोन सख्खी भावंडं एकाच मोहिमेवर कशी, असं लोक विचारत. त्यावर धाकटा म्हणायचा, "लहानपणापासून ही माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते, आता त्याचा पगार मिळतो." धाकटा तिला ताई म्हणायचा म्हणून अख्खं ऑफिस ताई म्हणू लागलं. पाठीमागे म्हणत शंकासुर. तेही तिला माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. जगात टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात, एखादा शंकासुरही लागतोच.

केक संपला. पोटातली शंका काही संपली नाही. ताई उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम मोहिमेच्या प्रमुख. बाई भारी शांत. राग आला की चष्मा पुसायच्या, इतकंच.

"मॅडम, ते पाणी आपलंच असू शकतं."

"आपलंच म्हणजे?"

"घरचं. इथून नेलेलं."

मॅडमनी चष्मा काढला.

ताईने समजावून सांगितलं. यान शेवटी इथेच बांधलेलं, माणसांच्या श्वासातल्या ओलाव्यात. कितीही शेकलं, कितीही वाळवलं, तरी त्याच्यावर गुंडाळलेल्या पांघरुणांत आणि सांध्यांतल्या डिंकात थोडी ओल राहतेच. तिकडच्या थंडीत ती गोठते आणि गुपचूप पडून राहते. ऊन लागलं की तिची वाफ होते. आता यानाचा रस्ता बघा. ते येतं गारगोटीच्या अंधाऱ्या बाजूने, आणि भेगा आहेत बरोबर तिथे, जिथे अंधार संपून उजेड लागतो. म्हणजे ज्या घटकेला यान भेगांवर पोचतं, त्याच घटकेला त्याच्या गारठलेल्या अंगावर ऊन पडतं. वाफ भेगांतून आली की आपल्याच पांघरुणातून, हे नाकाने ओळखायचं कसं? पाणी ते पाणीच. ते काही गावाचं नाव सांगत नाही.

"तुम्ही उड्डाणाआधी शेकलं होतं ना सगळं?" मॅडमनी विचारलं.

"नाक शेकलं होतं. चांगलं खरपूस शेकलं होतं. पांघरुणं शेकायची तर ती जळून गेली असती."

"मग आता काय म्हणता?"

इंधन संपत आलं होतं. आणखी एकच सूर शिल्लक होता. त्यानंतर यान त्या ग्रहाच्या पोटात जाऊन विरघळणार होतं. ताईचं म्हणणं ऐकायला विचित्र होतं. सूर तोच मारायचा. रस्ता तोच, ऊन तेच, उन्हाकडची बाजूही तीच. फक्त यान गर्रकन फिरवून त्याचं तोंड मागे करायचं. गारगोटीकडे पाठ करून भेगांवरून जायचं. धावणाऱ्या माणसाला समोरचा वारा तोंडावर लागतो, पाठीला लागत नाही. पण स्वतःच्या घामाचा वास त्याने कुठेही तोंड फिरवलं तरी सुटत नाही. तसंच हे. यान इतकं वेगात असतं की गारगोटीची वाफ मागे वळवलेल्या नाकात शिरूच शकणार नाही. घरची वाफ असली तर ती मात्र यानाच्या संगतीनेच चालणार आणि नाकाला लागणारच.

"म्हणजे शेवटची संधी आपण काहीही न हुंगण्यासाठी वापरायची," मॅडम म्हणाल्या.

"हो. काहीच लागलं नाही, तर आधीचं पाणी खरं. लागलं, तर आपण जगाला आपल्याच पांघरुणाची ओल दाखवली."

मॅडमनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "भावाशी बोललात?"

"अजून नाही," ताई म्हणाली. खरी मेख तिथेच होती. यानाचं नाक आणि डोळे एकाच तोंडावर बसवलेले. नाक मागे फिरलं की डोळेही फिरणार, आणि मागे असणार नुसता अंधार.

"शेवटचा सूर कॅमेऱ्याचा ठरलाय," मॅडम म्हणाल्या. "तो त्याच्या हक्काचा आहे. त्याने दिला तर माझी ना नाही. पण मी तो त्याच्याकडून काढून घेणार नाही. आठवड्यात मला सांगा. तोवर बातमी ऑफिसाबाहेर जाणार नाही, एवढं मी बघते."

धाकटा कॅमेऱ्याच्या खोलीत पहिल्या सुराचे फोटो बघत बसला होता. फोटो म्हणजे फराटे होते. यान हललं होतं, भेगा फाटलेल्या धोतरासारख्या विसविशीत दिसत होत्या, पांढऱ्यावर पांढरं. हलण्याचं कारण त्याने शोधून काढलं होतं, दुरुस्तीही केली होती, आणि आता शेवटच्या सुराकडे तो डोळे लावून बसला होता. केस काळे होते तेव्हापासून तो ह्या एका फोटोच्या मागे होता. आता केस काळे राहिले नव्हते, आणि बरेचसे राहिलेही नव्हते.

ताईने सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हीच मोठी गोष्ट.

"समज, मी तुला सूर दिला," तो म्हणाला. "आणि नाकाला पाणी लागलं. म्हणजे पाणी गेलं. फोटो तर मी आधीच घालवलेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि मी नाही दिला, तर निदान फोटो तरी हातात राहील. तोही असा, की भेगांतून वाफ उडताना दिसेल कदाचित. मग तुझी शंकाच मिटेल."

"तुझ्या डोळ्यांना एवढी विरळ वाफ दिसणार नाही. तूच मला सांगितलंस हे."

ते त्यानेच सांगितलं होतं, म्हणून तो जास्त चिडला. "ताई, खरं सांगू? तुला कोणाचा आनंद बघवतच नाही. लहानपणी मी गोष्टीचं पुस्तक वाचत असलो की तू शेवटचं पान आधी वाचून यायचीस आणि असं कधी होत नसतं म्हणून सांगायचीस. आजही तेच."

खरं सांगायचं तर गारगोटीत पाणी असावं असं अख्ख्या ऑफिसात तिच्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. ज्या माणसाला एखादी गोष्ट इतकी हवी असते, त्याला ती खोटी निघण्याची भीतीही तेवढीच असते. पण हे भावाला सांगायचं कसं, ते तिला ह्या वयातही जमत नव्हतं. ती परत आपल्या टेबलाशी आली.

मग चार दिवस दोघांत अबोला. मधल्या टेबलांवरची माणसं दोघांच्या चिठ्ठ्या पोचवून कंटाळली.

रविवारी दोघांनाही आईकडे जेवायला जायचंच होतं. त्यातून सुटका नव्हती. आईकडे अबोला चालत नसे, तिथे एकटी आईच बोलायची. मॅडमनी बातमी ऑफिसाबाहेर जाऊ दिली नव्हती, पण धाकट्याने पहिल्याच दिवशी आनंदाच्या भरात आईला फोन केला होता, आणि आईला सांगितलं म्हणजे दवंडी पिटायचं काम उरत नाही. इमारतीत खालपासून वरपर्यंत सर्वांना कळलं होतं की तिच्या लेकरांनी चंद्रावर पाणी काढलं. चंद्र आपला नव्हे, दुसऱ्याचा, हा तपशील जिन्यात कुठेतरी गळला होता.

"वरच्या काकू आल्या होत्या काल," आई वाढता वाढता म्हणाली. "पाणी सापडलं म्हणून अभिनंदन करायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात उभ्या राहिल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"त्यात काय एवढं?" धाकटा म्हणाला.

"त्यात काय? विसरलास? न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली तेव्हा कोण गेलं होतं वर, अस्तन्या सरसावून? तुमच्या नळाने आमचं घर कुजवलं म्हणून त्या माउलीला काय काय बोललास. त्यांनी त्यांची सगळी फरशी उकरून घेतली. नवा पाइप टाकला. आणि ओल काय जाईना. शेवटी निघालं काय, आपल्याच भिंतीत आपलाच पाइप फुटलेला." आईने धाकट्याच्या ताटात भात वाढला, जरा जास्तच जोरात. "आधी एक दिवस आपला नळ बंद करून बघितलं असतं, तर शेजार तुटला नसता. त्या कशाला एवढ्या चांगल्या वागल्या, तेच कळत नाही. मला तोंड वर करून बघवेना."

धाकट्याचा घास हातातच राहिला. त्याने ताईकडे पाहिलं. ताई ताटात बघून निमूट जेवत होती. ती आईला यातलं अक्षरही बोलली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. शिवाय आईला पढवून काही बोलायला लावणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं.

जेवण झाल्यावर धाकटा भांडी घासायला उभा राहिला. हे घरात सणासुदीलाही घडत नसे, म्हणून ताई टॉवेल घेऊन त्याच्या शेजारी गेली.

"मला एक सांग," तो पातेलं घासता घासता म्हणाला. ताईशी चार दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य. "पाठ करून गेलो आणि तुझ्या नाकाला काहीच लागलं नाही. तर ते घरची वाफ नाही म्हणूनच, हे कशावरून? नाकच मेलं असेल तर?"

"दुसऱ्या दिवशी तपासणार ना मी. अत्तराची कुपी उघडून." अत्तर म्हणजे यानात मुद्दाम नेलेली एका ओळखीच्या वायूची चिमुकली बाटली. नाकाला शंका आली की थोडं अत्तर सोडायचं आणि ते ओळखतं का बघायचं.

"दुसऱ्या दिवशी? नाक त्या क्षणापुरतं चोंदलं असेल आणि रात्रीतून मोकळं झालं, तर? मग तू काय सांगशील लोकांना?" त्याने पातेलं तिच्या हातात दिलं. "भेगा ओलांडल्या की तिथल्या तिथे कुपी उघड. उन्हात असतानाच. नाहीतर तुझ्या शून्याला काडीची किंमत नाही."

ताई पातेलं हातात घेऊन उभीच राहिली. ही फट तिच्या नजरेतून सुटली होती. तिच्या, शंकासुराच्या. आणि दाखवली कोणी, तर ज्याचा फोटो जाणार होता त्याने.

"म्हणजे तू सूर देतोयस?" तिने विचारलं.

"देतोय. बंद करून बघू नळ." मग जरा थांबून, "मला फार वाईट वाटतंय, ताई. ते तू गृहीत धरू नकोस."

"मलाही वाटतंय. पाणी तिथलंच निघू दे, याच्यापलीकडे मला आयुष्यात दुसरं काही नकोय. तुला हे कधी सांगता आलं नाही."

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला. "म्हणून तर शेवटचं पान आधी वाचायचीस."

त्यानंतर कामाची एकच घाई उडाली. यान फिरवण्याचा हुकूम तयार करायचा, तो तपासायचा, पुन्हा तपासायचा, आणि मग इतक्या दूर पाठवायचा की तो तिथे पोचून हो म्हणेपर्यंत माणसाचं जेवण होऊन डोळा लागावा. कुपीची वेळ धाकट्यानेच लिहिली. कॅमेऱ्याचं झाकण बंद ठेवण्याचा हुकूमही त्यानेच लिहिला. अंधाराचे फोटो काढून वीज कशाला जाळायची, म्हणाला. ते लिहिताना तो दार लावून बसला होता. ताईने दार वाजवलं नाही.

सुराच्या दिवशी सकाळी सगळे मोठ्या खोलीत जमले. यानाचं काम खरं तर आधीच उरकलेलं होतं. आता नुसती त्याची वार्ता वाटेत होती. यानाचे निरोप पकडणारा रेडिओवाला कानाला यंत्र लावून बसला होता. समोरच्या पडद्यावर नाकाची एक हिरवी रेघ. मागच्या सुरात ह्याच रेघेने भेगांवर ताडकन उडी मारली होती आणि मग केक कापला गेला होता.

"अंधारात आहे यान," रेडिओवाला म्हणाला.

रेघ सपाट.

"उन्हात आलं."

ताईने शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. खुर्चीत धाकटा होता, त्याच्या खांद्याचा थोडा भाग तिच्या बोटांत आला, पण त्याने हूं का चूं केलं नाही.

रेघ थरथरली. अगदी बारीक, मुंगीच्या पाठीएवढी उठली. खोलीतल्या कोणाचातरी श्वास अडकलेला ऐकू आला. ती घरची ओल होती, थोडी होती, कबूल करावी लागेल एवढीच होती. मग ती बसली. तेवढ्यात यान भेगांवरून पार झालं होतं, आणि रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ राहिली.

कोणी टाळी वाजवली नाही. टाळी वाजवायची कशाला, तेच लोकांना कळत नव्हतं. पडद्यावर तर काहीच नव्हतं. आणि ज्या दोघांना कळलं होतं, ती दोघं अजून वाट बघत होती. नाक जिवंत आहे का? मेलं असेल तर सगळंच गेलं, फोटोही, पाणीही, भावाने दिलेलं दानही. असं कोणाचं काही कायमचं घालवण्याची पाळी तिच्यावर याआधी आली नव्हती, आणि ती देवाला नव्हे, नाकाला मनातल्या मनात विनवत होती की बाबा रे, हुंग.

"कुपी उघडली," रेडिओवाला म्हणाला.

रेघेने उडी मारली. उंच, टोकदार, जागच्या जागी.

"जिवंत आहे," धाकटा म्हणाला. मग खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाक जिवंत आहे, आणि त्याला घरची ओल मुंगीएवढीच लागली. म्हणजे त्या दिवशीचं पाणी आपलं नव्हतं. तिथलं होतं."

तेव्हा कुठे खोलीच्या डोक्यात प्रकाश पडला. मॅडमनी चष्मा काढला, पण ह्या वेळी पुसायचा चष्मा नव्हता, डोळे होते.

बातमी जगाला सांगायची सभा दुपारी होती. खचाखच भरलेलं सभागृह, माइक, आणि पुढच्या रांगेत फोटो हवा म्हणून मान उंचावून बसलेले बातमीदार. मॅडमनी ताईला पुढे हो म्हणून खूण केली. नाक तिचं, शंका तिची, पाणी तिचं. ताईने मान हलवली आणि धाकट्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे ढकललं. हे त्याला अनपेक्षित होतं. तो वळून काही बोलणार होता, पण लहानपणी त्याला वर्गाच्या दारात सोडताना पाहायची, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गेला.

तो माइकपाशी पोचला. मोहिमेचा कॅमेरावाला, म्हणून एका बातमीदाराने लगेच विचारलं, "त्या भेगांचा फोटो दाखवाल का?"

"फोटो नाही," धाकटा म्हणाला. "शेवटच्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते." सभागृहात थोडं हसू आलं. ते ओसरेपर्यंत तो थांबला. "आमच्याकडे फोटो नाही. आमच्याकडे पाणी आहे. ते तिथलं आहे. माझ्या बहिणीने आधी आपला नळ बंद करून बघितला, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतोय."

ताई मागे भिंतीला टेकून उभी होती आणि रडत होती, चारचौघांत, तोंड न लपवता. शेजारच्या रेडिओवाल्याने आपला रुमाल पुढे केला. तो फारसा स्वच्छ नव्हता, पण तिने घेतला.